मोकळं सांगणारी सून

एका खाडीकाठच्या गावात एक सून होती, आणि ती फार दचकायची.

मांजराने पडवीतून उडी मारली की दचकायची. परसात नारळ पडला की दचकायची. घरात सासू, नवरा आणि ती अशी तीनच माणसं. पण नवऱ्याने मागून येऊन नुसतं "अगं" म्हटलं तरी हातातलं भांडं खाली! लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोवर तिची कीर्ती गावभर झाली. ती विहिरीवर आली की बायका एकमेकींना म्हणायच्या, "कळशी हळू ठेव गो, दचकणारी आली." तीसुद्धा त्यांच्याबरोबर हसायची. करणार काय? घाबरणाऱ्या माणसाला आधी स्वतःवर हसायला शिकावं लागतं, म्हणजे लोकांचं हसणं जरा कमी लागतं.

पण दचकणाऱ्या माणसाचे कान फार तिखट असतात, हे काही गावाने ध्यानात घेतलं नाही. दूध उतू जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो तिला ओटीवर बसून कळायचा. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोण आलं, अनवाणी की वहाणा घालून, हे ती चुलीपुढून सांगायची. सासूला मात्र ते ठाऊक होतं. सासू कौतुकाने म्हणायची, "आमच्या सुनेला मुंगी चाललेली ऐकू येते."

घर कौलारू होतं, नीटनेटकं होतं. एकच गोष्ट वाईट होती, निदान सुनेच्या मते. तिच्या आणि नवऱ्याच्या खोलीवर फळ्यांचा माळा होता, आणि त्या माळ्यावर, कौलांखाली, वटवाघळं राहत होती.

मोठी नव्हेत. अंगठ्याएवढी, काळपट, मऊ. गावात त्यांना पाकोळ्या म्हणत. दिवसभर ती वाशांना लोंबकळून असत आणि दिवेलागणीला आढ्याजवळच्या एका सरकलेल्या कौलातून एकामागून एक बाहेर पडत. नवरा म्हणायचा, "माझ्या जन्माआधीपासून आहेत. भाडं देत नाहीत एवढंच." सासू म्हणायची, "डास खातात गो. असू देत."

अंथरुणावर पडणाऱ्या बारीक काळ्या लेंड्या सून रोज सकाळी झाडून काढायची. वरची फडफड ऐकत पडून राहायची.

एके दिवशी दिवे लावायच्या वेळी त्यातली एक पाकोळी वाट चुकली आणि फळ्यांच्या फटीतून खाली खोलीत आली. दोनदा भिंतीवर आपटली आणि तिसऱ्यांदा सुनेच्या केसांत. सून अशी ओरडली, की थेट खाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. केस सुटलेले, पदर जमिनीवर, अशी ती धावत खळ्यात आली. शेजारी जमा झाले. नवऱ्याने हाताला फडकं गुंडाळून पाकोळी सोडवली आणि कुंपणापलीकडे उडवून दिली. कोणीतरी म्हणालं, "वाघ आला म्हणून आम्ही काठ्या घेऊन धावलो, आणि निघाली ही!" सगळे हसले. नवराही हसला. त्याला वाटलं, आपण हसलो म्हणजे तीही हसेल.

या वेळी ती हसली नाही.

त्या दिवसापासून ती भर उन्हाळ्यात डोक्यावरून चादर घेऊन झोपू लागली. घामाने भिजायची, श्वास कोंडायचा, पण चादर काढायची नाही. डोळ्यांखाली काळं आलं. माहेरी निघून जावं असंही एकदोनदा मनात आलं. मग तिने स्वतःची समजूत घातली, "वैशाखात घर शाकारतील, तेव्हा ते कौल बसेल. तोवर कळ काढायची."

आणि ती दिवस मोजू लागली.

त्या गावात घरं शाकारायची एक रीत होती. पावसाआधी सगळी कौलं ओळीओळीने उतरवून, झाडून, फुटकी काढून पुन्हा बसवायची, हे तर सगळीकडेच करतात. पण इथे शेवटचं कौल लगेच बसवत नसत. ज्या वाटेने कोणी आत-बाहेर करतं, तेवढी एका कौलाची जागा उघडी ठेवायची. आदल्या संध्याकाळी माळ्यावर चुलीतली राख चाळून पातळ पसरायची. सकाळी बघायचं, राखेवर कुणाची पावलं उमटलीत का. उंदीर, उदमांजर, मुंगूस, जो असेल त्याला आधी बाहेर काढायचं. मग संध्याकाळी, उडणारे उडून गेले की, त्या माळ्याखाली जो झोपतो त्याला विचारायचं, "घर मोकळं आहे का?" त्याने "मोकळं आहे" म्हटलं तरच शेवटचं कौल बसायचं. कुणाला आत कोंडून छप्पर लावू नये, एवढाच त्यात अर्थ. याला गावात 'मोकळं सांगणं' म्हणत आणि सांगणाऱ्याला मान असे. एरवी त्या गावातला माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विहिरीचं पाणीही पिणार नाही. पण मोकळं सांगितलं की कोणी पुन्हा वर जाऊन बघत नसे.

सगळ्या गावाची घरं एकच म्हातारा शाकारायचा. त्याला सगळे आबा म्हणत. सडसडीत, काटक, माडावर चढावं तसा छपरावर चढायचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक कौल निसटलं नव्हतं, असं लोक सांगत. फक्त चारेक वर्षांपासून त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल असं बोलावं लागे.

शाकारणीला पाच दिवस राहिले होते, तेव्हा सुनेला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

दुपारची वेळ. ती खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. वरून एक बारीक आवाज आला. फडफड नव्हे. ओल्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवावं तसा, किंचित, थांबून थांबून. मग दुसरा, त्याला उत्तर दिल्यासारखा. मग पाचसहा एकदम.

तिचा हात घडीवर थांबला.

'पाल असेल,' ती मनात म्हणाली. पण पाल तिला ठाऊक होती. 'वासे उन्हाने करकरत असतील.' वासेही तिला ठाऊक होते. तिने घडी पुरी केली आणि ती खोलीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. संध्याकाळी मोठ्या पाकोळ्या उडून गेल्या की तो वाढायचा आणि त्या परतल्या की निवायचा. आता यात न कळण्यासारखं काय होतं? आई बाहेर गेली की रडायचं आणि आली की गप्प व्हायचं, हे कोण करतं ते लहान मुलालाही सांगता येईल. पण सुनेने ते स्वतःला सांगितलं नाही. आवाज सुरू झाला की ती खोलीतून उठायची आणि खलबत्ता घेऊन बसायची. सासू म्हणाली, "अगो, एवढं तिखट कुणाला कुटतेस? पंगत बोलावलीस काय?"

शाकारणीचा दिवस आला. आबा पहाटेच शिडी घेऊन हजर झाले. दिवसभर काम चाललं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने राख पसरली होती, ती सकाळी पाहिली तर पाकोळ्यांच्या लेंड्यांखेरीज अगदी स्वच्छ. एक पाऊल नाही, शेपटीची रेघ नाही. नवरा माळ्याच्या तोंडाशी कंदील धरून म्हणाला, "वाशांना पाकोळ्या आहेत तेवढ्याच. त्या संध्याकाळी जातील."

दुपारी आबा सावलीत पेज पीत बसले होते. सून लोणचं वाढायला आली, तसे ते म्हणाले, "बाय, यंदा मोकळं सांगायचा मान तुझा, ठाऊक आहे ना?"

तिने मान डोलावली.

"मग ऐकून ठेव. राख फक्त पायवाल्यांचं सांगते. लोंबकळणाऱ्यांची पावलं राखेवर कशी उमटतील? त्यांचं कानाने बघायचं. हा त्यांच्या विणीचा मोसम. आया उडून जातात, पिल्लं आत राहतात. अंगावर लवसुद्धा नसते त्यांच्या. पूर्वी मी स्वतः माळ्यावर कान लावून पडायचो. आता माझ्या कानाशी ढोल वाजवला तर कळेल, पिल्लाचा आवाज कुठला कळायला? पण तुझे कान म्हणे फार चांगले."

सासू ओटीवरून ओरडून म्हणाली, "मुंगी चाललेली ऐकू येते तिला!"

"झालं तर!" आबा हसले. "पिल्लं असली तर तसं सांग. काही बिघडत नाही. ते कौल राहू देऊ, वरून माडाच्या पानांचा झाप बांधू, म्हणजे पाऊस आत येणार नाही. नागपंचमीपर्यंत पिल्लं उडतील. मग येऊन मी कौल बसवीन."

नागपंचमी! सुनेने मनात हिशेब केला. दोन महिने. दोन महिने ती फडफड, ती चादर, तो घाम. आणि एखाद्या संध्याकाळी पुन्हा एखादी खाली आली तर?

संध्याकाळ झाली. घरातली माणसं खळ्यात बसली, दोघंतिघं शेजारीही आले. आबा शिडीवर आढ्याशी बसले होते, मांडीवर शेवटचं कौल. आकाश जांभळं झालं, तशी पहिली पाकोळी सुटली. मग दुसरी. मग ओंजळीतून तांदूळ सांडावेत तशा भराभर. नवरा मोजत होता. "एकतीस, बत्तीस, तेहतीस." मग कोणी आलं नाही.

आबांनी वरून विचारलं, "बाय! घर मोकळं आहे का?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

खोली तिच्या पाठीमागेच होती. आया आत्ताच गेल्या होत्या. त्या बारीक आवाजाने नुकतंच तोंड उघडलं होतं, आणि खळ्यात बसलेल्या माणसांत तो फक्त तिला ऐकू येत होता. एक, मग दुसरा, मग पाचसहा एकदम.

"मोकळं आहे," ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की शेजारी बसलेल्या सासूलाच काय ते कळलं.

"काय म्हणते?" आबांनी वरून विचारलं.

आणि सासू उठून उभी राहिली, सुनेच्या पहिल्या मानाच्या कौतुकाने दोन्ही हात तोंडाशी धरून मोठ्याने ओरडली, "मोकळं आहे म्हणते! मोकळं आहे!"

आबांनी कौल बसवलं.

तासाभराने पाकोळ्या परत आल्या. कौलाशी आल्या, आपटल्या, वळल्या, पुन्हा आल्या. पंख कौलांवर घासल्याचा आवाज ओटीपर्यंत येत होता. नवरा म्हणाला, "सवय आहे त्यांना या वाटेची. एकदोन दिवस येतील, मग दुसरं घर बघतील." सून स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेली भांडी तिने पुन्हा घासली.

सकाळी आबा शिडी न्यायला आले. सून अंगणात सडा घालत होती. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "काय बाय, झोप लागली का चांगली?"

आत आवाज चालू होता. काल रात्रीपेक्षा मोठा. आता थांबत नव्हता.

सांगावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. पण काल मोकळं सांगून आज 'आत पिल्लं आहेत' म्हटलं, तर लोक काय म्हणतील? खोटारडी म्हणतील. दचकणारी म्हणत होते ते बरं, असं म्हणायची पाळी येईल. तिने मान हलवून हो म्हटलं. आबांनी शिडी खांद्यावर टाकली आणि ते खाडीपलीकडे दुसऱ्या गावी कामाला गेले.

त्या संध्याकाळी पाकोळ्या पुन्हा आल्या. दुसऱ्या संध्याकाळीही आल्या, पण थोड्या. आतला आवाज बारीक होत होता. चादर घ्यायची आता गरज नव्हती, तरी सून डोक्यावरून चादर घेऊन पडायची. आता कान झाकायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपड्यांच्या घड्या करत होती आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की वरून काहीच ऐकू येत नाही.

नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. ती श्वास रोखून उभी राहिली. कुठेतरी एक होता. पेल्यावरचं बोट जेमतेम फिरत होतं.

मग तिला काय झालं कोण जाणे. जिला माळ्याच्या शिडीकडे बघायचीही भीती, तीच शिडी चढून वर गेली. राखेवर तिची पावलं उमटली. पार कोपऱ्यात, आढ्याला वासे मिळतात तिथे, मोठ्या तुळईच्या आडोशाला ती एकमेकांना बिलगून होती. काही अजून लाकडाला धरून होती, पण धरण्यात जीव नव्हता. बाकीची खाली राखेत पडली होती. गुलाबी, सुरकुतलेली, करंगळीच्या पेराएवढी.

ती ओरडली नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती कशाला तरी दचकली नाही.

खाली येऊन तिने सासूला सांगितलं, "आई, वर पिल्लं आहेत." एवढंच म्हणाली. कधीपासून ठाऊक आहे, ते नाही म्हणाली. नवरा होडीने खाडीपलीकडे धावला आणि आबांना घेऊन आला. आबांनी हाताला फडकं गुंडाळलं, माळ्यावर गेले, आणि बऱ्याच वेळाने एक सूप घेऊन उतरले. सुपात चौदा पिल्लं होती. दोन हलत होती.

आबा पुन्हा छपरावर चढले. त्यांनी कौल काढलं, त्या जागी फडक्याची घडी ठेवली आणि ती दोन पिल्लं त्यावर ठेवली. मग सगळे खळ्यात बसून आकाशाकडे बघत राहिले.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग एक आली, एकटीच. कौलाशी घिरट्या घातल्या, फडक्यापाशी टेकली. नवरा कुजबुजला, "आली! नेणार!" सुनेने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

पाकोळी एका पिल्लाशी गेली. मग दुसऱ्याशी. मग पंख पसरून उडाली आणि परत आली नाही.

"असं का केलं तिने?" सासूने विचारलं.

"ती तिचं शोधत होती," आबा म्हणाले. "दुसरीचं पोर त्या घेत नाहीत. तिचं या दोघांत नव्हतं."

सकाळपर्यंत ती दोघंही गेली.

कुंपणाशी खड्डा खणून आबांनी सगळी पुरली. मग हात धुऊन ते ओटीच्या पायरीवर बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते. सासू म्हणाली, "आबा, जिवाला लावून घेऊ नका. पोरीला तरी काय कळणार? राख स्वच्छ होती."

"पोरीचा दोष नाही," आबा म्हणाले. "तिने विश्वासाने सांगितलं. तिच्या कानाला नसेल पोचलं. माझं मी बघायला हवं होतं. कान गेले त्या दिवशीच मी खाली उतरायला पाहिजे होतं, पण हौस सुटेना. बारा महिन्यांनी एकदा छपरावर बसलं की सगळं गाव दिसतं." त्यांनी कमरेची दोरी सोडली आणि तिची गुंडाळी करत म्हणाले, "आता नाही चढत."

सून दाराआड उभी होती. तिच्या तोंडाशी शब्द आले होते. आबांना उठायला वेळ लागला, खळं ओलांडायला त्याहून वेळ लागला. इतक्या वेळात चार वेळा सांगून झालं असतं. तिने सांगितलं नाही.

आबांनी खरोखरच काम सोडलं. गावातली निम्मी घरं अजून शाकारायची होती. लोक जाऊन विनवू लागले. आबा हात जोडून म्हणायचे, "माझ्या हातून पाप झालंय." पावसाळा सुरू झाला तेव्हा कुणाच्या देवघरात गळत होतं, कुणाच्या पाळण्याखाली घमेलं लावलं होतं. विहिरीवर बायका म्हणायच्या, "म्हाताऱ्याच्या कानांनी घात केला." सून कळशी भरायची आणि खाली मान घालून निघायची. तिच्या खोलीत मात्र एक थेंब गळत नव्हता. वरती सगळं शांत होतं. इतकं शांत, की तिला झोप यायची नाही.

नागपंचमी आली. सकाळपासून सून कामात चुकत होती. दोनदा मीठ घातलं, एकदा घातलंच नाही. तिने खरं सांगितलं असतं तर आज आबा येणार होते, कौल बसवायला. पिल्लं उडाली असती आणि ते आले असते. दुपारी तिने सासूला सांगितलं, "जरा जाऊन येते," आणि ती पावसात आबांच्या घरी गेली.

आबा ओटीवर एकटेच बसले होते. शेजारच्या ओटीवर तीन बायका पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होत्या. सून आबांसमोर उभी राहिली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

आबांनी कानाशी हात नेला. "मोठ्याने बोल बाय. पाऊस आहे."

तिने शेजारच्या ओटीकडे पाहिलं. पुढे वाकून, जरा मोठ्याने, "पिल्लांचा आवाज..." एवढं म्हणाली.

"काही कळत नाही गो. मोठ्याने बोल."

तेव्हा तिने डोळे मिटले. त्या संध्याकाळी सासू जशी खळ्यात उभी राहून ओरडली होती, तशी ओरडली. "आबा! मला पिल्लांचा आवाज आला होता! मी तुम्हाला खोटं सांगितलं! मला भीती वाटत होती म्हणून मी खोटं सांगितलं!"

शेजारच्या ओटीवरचे हात थांबले.

आबांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून येत होता?"

"पाच दिवस आधीपासून!"

"आणि मी शिडी न्यायला आलो तेव्हा?"

तिला ओरडवेना. तिने नुसती मान डोलावली.

"तेव्हा सगळी जिवंत होती बाय," आबा म्हणाले. रागावून नव्हे. "आदल्या दिवशी तू घाबरलीस, ते मला समजतं. मीही पहिल्यांदा छपरावर चढलो तेव्हा रडलो होतो. पण सकाळी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "आणि मी बिचाऱ्या कानांना दोन महिने शिव्या घालतोय."

ते उठून आत गेले, दोरी घेऊन बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "ज्याचं देवघर गळतंय, त्याला सांग, पाऊस उघडला की येतो म्हणावं."

ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सासू चुलीपुढे बसली होती. सुनेला वाटलं, आता बोलेल, आता काहीतरी टाकून बोलेल. सासूने तिला कोरडं लुगडं दिलं. पातोळ्या वाढल्या. आणि मग, आपलं पान तसंच पुढे ठेवून, म्हणाली, "भीती वाटत होती तर मला म्हणायचंस गो. माझ्याजवळ झोपली असतीस. माझ्या खोलीवर माळा नाही."

सुनेने हातातली पातोळी पुन्हा पानात ठेवली. इतकं सोपं होतं ते. एक वाक्य, आणि उचलून दुसरीकडे टाकायचं एक अंथरूण.

पुढच्या वैशाखात आबा पुन्हा घर शाकारायला आले. सून महिनाभर आधीपासून रोज, वेळ काढून, माळ्याखाली बसून ऐकत होती. दुपारी ऐकत होती, दिवेलागणीला ऐकत होती. पाकोळ्या त्या घरी परत आल्याच नव्हत्या. घर खरंच मोकळं होतं आणि ते तिला नक्की ठाऊक होतं. संध्याकाळी सगळे खळ्यात बसले. आबा आढ्याशी, मांडीवर शेवटचं कौल. सून उभी राहिली. या वेळी मोठ्याने सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

आबांनी कौल बाजूला ठेवलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि त्या उघड्या जागेतून अर्धं अंग आत घातलं. एकेक वासा चाचपला, तुळईच्या मागे हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग बाहेर येऊन त्यांनी कौल बसवलं आणि खाली उतरले. सुनेने पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन ते म्हणाले, "सुखी राहा बाय," आणि पुढच्या घरी गेले.

तिथेही त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्याच्या पुढच्या घरीही नाही. त्या वर्षापासून गावात मोकळं सांगायची रीत बंद पडली. आबांनी ती मोडली असं कोणी म्हणालं नाही, आणि कुणामुळे मोडली तेही कोणी म्हणालं नाही.

तात्पर्य: भीती वाटणं पाप नाही, ती वाटली की जवळच्या माणसाला सांगावी. पण भीतीपोटी ऐकलेलं 'ऐकलं नाही' म्हणू नये. त्याने मुका जीव तर जातोच, आणि आपल्या शब्दावर टेकलेला माणूस पुन्हा कधी विचारायला येत नाही.